अर्धा मिलिमीटर

पहिल्या दिवशी काइरेबाईंनी रबरी बूट दिले, एक नंबर मोठे.
म्हणाल्या, उरलेली जागा दलदल भरते.
संध्याकाळी मोज्यांतून चहाच्या रंगाचं पाणी पिळलं.

आम्ही पाच जण. पेरूची येसेनिया, घानाचा क्वाबेना,
दोन जर्मन मुली, बहिणी वाटणाऱ्या, नसलेल्या,
आणि मी.
एस्टोनियाचा एका सहामाहीचा व्हिसा
आणि एका सहामाहीचा प्रश्न:
वाळवलेली दलदल पुन्हा ओली करता येते का?

लोखंडी सळई खाली सोडायची.
दर मीटरला साधारण हजार वर्षं.
शेवाळ, त्याखाली मेलेलं शेवाळ,
त्याखाली कुणीही न पाहिलेल्या पावसातलं शेवाळ.
पाच मीटर चाळीसवर खट्‌ झालं.
चुकून कुणाला पाय लागावा
तसा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.
क्वाबेनाला वाटलं, डास.

हेल्डुर आम्हाला फळ्या ठोकायला शिकवायचा.
वय एक्याऐंशी, करवतीला कुणाला हात लावू देत नसे.
चरात आडव्या फळ्या, मागे ओलं शेवाळ, पायांनी तुडवायचं,
पाणी अडेपर्यंत.
ऑक्टोबरात एकदा, पायपुसण्याला बूट घासावेत
इतक्या सहज म्हणाला,
हा चर माझाच.
एकविसाव्या वर्षी नवं यंत्र मिळालं होतं.
सांगितलं होतं, इथे बटाटे होतील.
पट्ट्यात सगळ्यांत जास्त मीटर मी खोदले, पदक मिळालं.
आणि बटाटे?
नाही झाले. दोनदा आग लागली फक्त,
जमिनीखालून, हिवाळाभर धुमसत.
तेव्हाही विकासच म्हणायचे, म्हणाला,
आणि खिळा मागितला.

एका पावसाळी दुपारी केंद्रात फेरी झाली:
शाश्वत विकास, तुमच्या भाषेत?
मी म्हटलं, शाश्वत. म्हणजे जे कधीच संपत नाही.
दाराशी बूट काढणारा हेल्डुर म्हणाला,
ते कबरींवर लिहितात.
त्यांच्या शब्दाच्या पोटात आहे 'यॅत्कु':
जेवणाऱ्याला पाहून म्हणतात तेच,
तुझी भाकरी पुरो.

त्या रात्री झोप लागेना.
पुरो. पुरणं.
मातीत घालणं तेही पुरणं,
पोटाला होणं तेही पुरणं.
जन्मभर बोलत आले, दोन्ही एकत्र कधी ऐकलं नव्हतं.
ही दलदल दुसरं काय करते?
मेलेलं पुरते,
म्हणून पुरते.
सकाळी येसेनियाला समजावता समजावता चहा गार झाला.
ती म्हणाली, छान आहे, पण अहवालात नको लिहू.

नाही लिहिलं.
अहवालात बेचाळीस पानं, चार आलेख,
पाच नंबरच्या नळीत पाणी अकरा सेंटिमीटर वर,
सात नंबरच्या नळीत काहीच फरक नाही.
मी 'यशस्वी' लिहिलं होतं.
काइरेबाईंनी ते खोडून 'ओलं' लिहिलं.

आणि तळटीपेत, त्यांनीच करायला लावलेलं गणित:
पीट वर्षाला एक मिलिमीटर साठतं.
म्हणजे आम्ही इथे होतो तेवढ्यात, अर्धा.
आमची भांडणं, क्वाबेनाचा ताप,
जर्मनांपैकी एकीचं रडणं, माझा वाढदिवस,
हे सगळं नखाच्या जाडीइतक्या थरात बसलं असेल,
तेही दलदलीने ठेवून घेतलं तर.

जानेवारीत सळई जाईना, वरचं सगळं गोठलेलं.
हेल्डुर बर्फ खरवडून फळी तपासत होता.
हात हलवला, तर त्याने करवत हलवली.

बूट धुऊन परत केले.
आतल्या चिकटपट्टीवरचं माझं नाव
काइरेबाईंनी सोलून काढलं, पुढचं लिहिलं, त्लालेंग.
लेसोथोहून येतेय, म्हणाल्या, पाय किती लहान ते माहीत नाही.
मी म्हटलं,
तिला दोन जोड मोजे आणायला सांगा.